आठ साधे की चार भारी?

जुन्या गाडीला कुठले स्पार्क प्लग टाकू, हा प्रश्न आमच्या हापिसात दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. गोष्ट ठरलेली असते. गाडी बाबांची, वय पंधराच्या पुढे, मीटरवर दीड लाख उलटून गेलेले. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की थरथरते, सिग्नलला उभी असताना मध्येच एक उचकी देते, कात्रजच्या घाटात तर दम लागल्यासारखं करते. गॅरेजवाला बॉनेटपाशी कान नेऊन ऐकतो आणि निदान करतो, "मिसिंग मारतीये साहेब. इरिडियम टाकून घ्या, परत बघायला नको." मग साहेब दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता विचारणार, "काय रे, इरिडियम घ्यावेत का?" झालं! टेबलाचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो पिकअप बदलतो, दुसरा म्हणतो सगळं मार्केटिंग आहे, आणि पोळीभाजी संपेपर्यंत कुणीही "तुझ्या गाडीला प्लग आहेत किती?" हे विचारलेलं नसतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना पुढे वाचायचा त्रास नको. जुन्या गाडीला तिच्या पुस्तकात दिलेले साधे प्लग घ्यावेत, पण गाडीत जेवढे आहेत तेवढे सगळे बदलावेत. वाचलेला पैसा एखाद्या अस्सल कॉइलवर आणि नीट काम करणाऱ्याच्या मजुरीवर घालवावा. चार भारी प्लगांपेक्षा आठ साधे केव्हाही बरे.

आठ कुठून आले? सांगतो.

आमच्याकडे २००७ सालची होंडा सिटी झेडएक्स आहे, आय-डीएसआय इंजिनवाली. त्या नावातला डी म्हणजे ड्युअल. चार सिलिंडर, १४९७ सीसी, आणि प्रत्येक सिलिंडरला एक सोडून दोन प्लग, समोरासमोर तिरके बसवलेले. म्हणजे एकूण आठ प्लग, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतःची वेगळी कॉइल, म्हणून आठ कॉइल. दोन्ही प्लगांनी एकदम ठिणगी टाकायची की किंचित मागेपुढे, हे इंजिनाचा वेग आणि त्याच्यावरचा ताण बघून गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. जाळ दोन टोकांनी पेटतो, लवकर पसरतो, पेट्रोल नीट जळतं. ताकद जेमतेम ७७ घोड्यांची (आजच्या पोरांना हसू येईल), पण मायलेजच्या बाबतीत ही गाडी आपल्या मध्यमवर्गीय बापांची लाडकी होती. २००३ साली ही सिटी भारतात आली आणि २००८ मध्ये नवीन सिटी आल्यावर हे इंजिन इथल्या सिटीतून गेलं. ज्यांना गाड्यांमध्ये रस नाही त्यांनी २००३ चीच बजाजची पल्सर डीटीएस-आय आठवावी. एका सिलिंडरला दोन प्लग, कल्पना साधारण तीच. आणि पल्सरवाल्यांनाही सांगावं लागायचं की बाबा रे, दुसऱ्या बाजूलाही एक प्लग आहे!

आता खरी गंमत. आठपैकी चार प्लग बॉनेट उघडलं की समोर दिसतात. प्लॅस्टिकचं झाकण काढा, चार बोल्ट, चार कॉइल, चार प्लग. चहा गार व्हायच्या आत काम संपतं. उरलेले चार इंजिनाच्या मागच्या बाजूला, काचेच्या खाली. तिथे हात घालायचा तर आधी वायपरचे दांडे काढा, मग काचेखालचं लांबडं काळं प्लॅस्टिक काढा, मग वायपरची मोटर आणि तिच्या खालचा पत्रा. पहिल्यांदा करणाऱ्याला दोन-अडीच तास. मग गॅरेजात काय होत असेल याचा अंदाज तुम्ही बांधाच.

मला अंदाज बांधावा लागला नाही, कारण आमच्या बाबांची फाइल आहे. बँकेत आयुष्य गेलेला माणूस, गाडीचं प्रत्येक बिल पंच करून तारखेप्रमाणे लावलेलं. प्लग कधी बदलले ते बघायला मी ती फाइल काढली. तीन वेळा बदलले होते. तीन वेगवेगळी वर्षं, तिन्ही बिलांवर एकच ओळ: स्पार्क प्लग, ४ नग. त्यातलं शेवटचं बिल इरिडियमचं! गॅरेजचं नाव सांगत नाही, आणि त्यांनी फसवलं असंही म्हणवत नाही. चार लिहिले, चारच बसवले, चाराचेच पैसे घेतले. हिशेब पैन् पै बरोबर. फक्त गाडीत आठ होते.

म्हणजे मागचे चार प्लग कारखान्यातून आले तेव्हापासून तसेच. मीटरवर १ लाख ५८ हजार.

हा आकडा किती मोठा आहे बघू. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक प्लग दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी टाकतो. ताशी साठच्या वेगाला पाचव्या गियरमध्ये इंजिन साधारण २००० फेरे करतं असं धरा, म्हणजे मिनिटाला १००० ठिणग्या, आणि त्या मिनिटात गाडी एक किलोमीटर जाते. किलोमीटरला हजार ठिणग्या. दीड लाखाचे झाले पंधरा कोटी. शिवाय हे मोकळ्या रस्त्याचं गणित. वाकडच्या पुलापाशी गाडी नुसती धडधडत उभी असते तेव्हा मीटर हलत नाही, पण ७५० फेऱ्यांवरसुद्धा मिनिटाला पावणेचारशे ठिणग्या चालूच असतात. तासभर अडकलात तर बावीस हजारांच्या वर. त्यामुळे हिंजवडीला रोज जाणाऱ्या माणसाने पुस्तकातला प्लग बदलायचा किलोमीटरचा आकडा थोडा अलीकडे ओढूनच वाचावा.

प्रत्येक ठिणगीला टोकाचा कणभर धातू झिजतो. धातू झिजला की दोन टोकांतली फट वाढते. फट वाढली की तीच ठिणगी पाडायला कॉइलला जास्त व्होल्टेज तयार करावं लागतं. बॅटरीचे बारा व्होल्ट घेऊन त्याचे वीस-तीस हजार करणं हे तिचं नेहमीचं काम. तिला वर्षानुवर्षं त्याहून जास्त ताणायला लावलं की आतलं इन्सुलेशन हळूहळू हार मानतं. थोडक्यात काय, म्हातारे प्लग कॉइलला खातात. म्हणून मेलेली कॉइल बदलून तिच्या खाली जुनाच प्लग ठेवणं हा मला सगळ्यात वेडा व्यवहार वाटतो, आणि तो रोज होतो.

पण मग इतकी वर्षं कळलं कसं नाही? इथे आपल्या धंद्यातली गोष्ट येते. आपण सगळे सिस्टिममध्ये दोन सर्व्हर ठेवतो, एक पडला तर दुसरा सांभाळेल म्हणून. आणि मॉनिटरिंग नसेल तर पहिला कधी पडला हे कुणालाच कळत नाही, दुसरा पडल्यावर रात्री तीनला फोन येतो. या इंजिनाचं अगदी तसंच आहे. मागचा प्लग थकला तरी पुढचा त्याच सिलिंडरमध्ये ठिणगी टाकतो. गाडी चालते. मायलेज लिटरला एक-दीड किलोमीटरने उतरतं, त्याचा दोष पेट्रोलपंपाला जातो. चढावर दम लागतो, त्याचा दोष वयाला जातो. "आता जुनी झाली हो" हे वाक्य आपल्याकडे गाड्यांच्या बाबतीत तपासणीला पर्याय म्हणून वापरतात.

साध्या चार प्लगांच्या गाडीत एक मेला तर गाडी सरळ लंगडते, तीन पायांवर चालते, माणूस गॅरेजात जातोच. आठवाल्या गाडीत शोधायला थोडी उलटी युक्ती लागते. नेटफ्लिक्सवाले म्हणे चालू सर्व्हर मुद्दाम पाडून बघायचे, सिस्टिम तगते का. तेच करायचं. गाडी बंद करून पहिल्या सिलिंडरच्या पुढच्या कॉइलचा कनेक्टर काढायचा, गाडी सुरू करायची आणि ऐकायचं. मागचा प्लग धडधाकट असेल तर फार फरक पडत नाही. इंजिन लंगडायला लागलं तर समजा मागचा नुसता नावाला आहे. गाडी बंद, कनेक्टर परत जागेवर, मग दुसरा सिलिंडर. अर्धं मिनिट ऐकलं की पुरे, जास्त वेळ चालू ठेवू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो तापून खराब होतो. त्याची किंमत ऐकलीत तर प्लगांवर हसत हसत पैसे टाकाल. (उचक्या देणारी गाडी "चालतेय ना" म्हणून सहा-सहा महिने चालवणाऱ्यांसाठीही हेच वाक्य परत वाचावं.)

ब्लूटूथवाला स्कॅनर घेऊन या गाडीकडे धावू नका. आपल्याकडे ओबीडीची सक्ती २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीची गाडी तुमच्या स्वस्त स्कॅनरशी बोलेलच असं नाही. कनेक्टर काढून कान देणं ही पद्धत मात्र फुकट आहे आणि खोटं बोलत नाही.

आमच्या गाडीत दोन नंबरला पुढचा कनेक्टर काढला आणि इंजिन असं काही हललं की बॉनेटवर ठेवलेला पाना खाली पडला. बाकी तीन ठिकाणी आवाज किंचित बदलला, इतकंच. म्हणजे दोन नंबरच्या मागे एकतर प्लग गेलेला, नाहीतर कॉइल. वायपर काढला, पत्रा काढला. चारही रबरांवर पावसाच्या पाण्याचे तांबूस ओघळ. प्लग काढायला जोर लागला. सगळ्यांच्या टोकांचे चौकोनी कोपरे झिजून गोल झालेले. फट १.१ मिलिमीटर हवी, तिथे फीलर गेजची १.६ जाडीइतकी पाती आरामात गेली. दोन नंबरची कॉइल शेजारच्या जागेवर लावून पाहिली, लंगडणं कॉइलबरोबर शेजारी गेलं. म्हणजे कॉइल मेलेली. या कॉइलींच्या पोटातच इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्यामुळे मल्टिमीटरने ओहम मोजून त्यांचं काही कळत नाही. जागा बदलून बघणं हीच परीक्षा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे डिबगिंगवाल्यांना सांगायला नको.

आता खरेदी. पुण्यात नाना पेठेत गेलात तर पहिला प्रश्न येतो, "गाडी कुठली?" नुसतं "सिटी झेडएक्स" सांगू नका. याच आकारात व्हीटेक इंजिनवाली गाडीही होती, तिला सिलिंडरमागे एकच प्लग. "आय-डीएसआय, आठ नग" असं सांगा. दुकानदार चष्म्यातून वर बघेल. बघू दे.

प्लगवरचा कोड वाचायला शिका, पाच मिनिटांचं काम आहे. एनजीकेचा बीकेआर६ई-११ हा कोड उदाहरणासाठी घ्या. त्यातला आर म्हणजे आत रेझिस्टर आहे. तो नसेल तर ठिणगीचा विद्युत गोंगाट रेडिओत आणि गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये घुसतो. ६ म्हणजे उष्णतेचा दर्जा, शेवटचे ११ म्हणजे १.१ मिलिमीटर फट. दर्ज्याच्या आकड्यात एक मेख आहे. एनजीके आणि डेन्सोत आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलटं. त्यामुळे "आमच्याकडे तोच नंबर दुसऱ्या कंपनीत आहे" याला काही अर्थ नाही, त्या त्या कंपनीचा तुमच्या गाडीसाठीचा तक्ता बघायचा. आणि "गरम प्लग टाका, ऑइल जळून जातं" हा सल्ला ऐकू नका. जुनं इंजिन ऑइल पितंय म्हणून गरम प्लग टाकणं म्हणजे ताप आहे म्हणून थर्मामीटर बदलणं. वर हायवेवर प्लग जास्त तापून इंजिन ठोकायला लागेल ते वेगळंच.

आता इरिडियम. धातू खरंच भारी आहे, २४०० अंशांच्या वर वितळतो, साध्या प्लगच्या टोकाचा निकेल साडेचौदाशेच्या आसपास. (आपण ज्याला कॉपर प्लग म्हणतो त्याच्या पोटात तांबं असतं, ठिणगी पडते ती निकेलच्या मिश्रधातूवर.) इरिडियम इतका कमी झिजतो म्हणून टोक सुईसारखं बारीक ठेवता येतं, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, साध्याचं अडीच. बारीक टोकाला ठिणगी पाडायला व्होल्टेज कमी लागतं. हे सगळं खरं. पण दुकानात इरिडियम म्हणून मिळणारे सगळे एकसारखे नसतात. काहींचं मधलं टोकच तेवढं इरिडियमचं, समोरचा वाकडा पाय साध्या निकेलचा. तो पाय साध्या प्लगसारखाच झिजतो. दोन्ही बाजूंना भारी धातू असलेले प्लग वेगळे, त्यांची किंमतही वेगळी. "परत बघायला नको" हे वचन त्यांच्या बाबतीत थोडंफार खरं आहे.

आणि माझा आक्षेप नेमका त्या वचनालाच आहे. जुन्या इंजिनाचं प्लग हे लॉग फाइल असतं. काढून बघितलं की कळतं आत काय चाललंय. टोक फिकट बदामी, राखाडी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त पडतंय किंवा ठिणगी चुकतेय. ओलं, चिकट, काळं असेल तर ऑइल वर येतंय. पांढरंफटक आणि फोड आल्यासारखं असेल तर इंजिन जास्त तापतंय. वीस हजार किलोमीटर झालेल्या गाडीत ही लॉग फाइल कुणी वाचली नाही तरी चालतं. दीड लाखाच्या गाडीत ती वर्षातून एकदा वाचायची असते. आणि ऑइलने माखायचं ठरवलं की प्लग निकेलचा आहे की इरिडियमचा हे ऑइल विचारत नाही.

"पण मागचे चार काढायला इतका त्रास आहे, तर निदान तिथे तरी इरिडियम नको का?" हा प्रश्न बरोबर आहे, आणि काम पैसे देऊन करून घेणार असाल तर माझं उत्तर "चालेल" असं आहे. दर्जा आणि फट तीच हवी, बस. मी मात्र मागेही साधेच टाकले, कारण मला ते तीस हजारांनी परत उघडायचेच आहेत, कॉइलींच्या रबरांसाठी. एवीतेवी पत्रा निघणार तर प्लगही निघतील. आठ साधे प्लग मला दीड हजाराच्या आतबाहेर पडले. तितक्या पैशांत चांगले इरिडियम दोन आले असते. ते तीन-तीन, चार-चार पायांचे प्लगही मिळतात, दिसायला मस्त. ठिणगी मात्र एका वेळी एकाच पायावर पडते.

सीएनजी बसवलं असेल तर एवढंच: गॅसला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, तेव्हा फट किटच्या पुस्तकात सांगितलीय तशी थोडी कमी ठेवा आणि प्लग लवकर बदला.

कॉइलच्या बाबतीत मी अजिबात कंजूष नाही. प्लग झिजण्यासाठीच जन्माला येतो, कॉइल नाही. लोकल कॉइल अस्सलच्या तिसऱ्या भागात मिळते आणि पहिले चार महिने फरक कळत नाही. पाचव्या महिन्यात ती गेली, आणि तीही मागची, तर वायपर परत काढा! म्हणून माझा साधा नियम: हात पोचायला जितका त्रास, तितका पार्ट चांगला. मागच्या बाजूला नवी अस्सल कॉइल. पुढच्या बाजूला, पैसे कमी असतील तर, भंगारात निघालेल्या गाडीची अस्सल जुनी कॉइलसुद्धा मला नव्या डुप्लिकेटपेक्षा बरी वाटते. गेली तर दहा मिनिटांत बदलू.

एका मल्टिब्रँड सर्व्हिस सेंटरने आठही कॉइल बदला म्हणून तीस हजारांच्या पुढचा आकडा सांगितला होता. आठपैकी सात जिवंत असताना! त्यांच्या बाजूने एकच मुद्दा आहे, की मागचा पत्रा त्यांनी उघडलाय आणि मजुरी दुसऱ्यांदा लागू नये. तेवढ्यापुरत्या मागच्या चार बदला म्हणाले असते तर मी वाद घातला नसता.

डुप्लिकेट प्लगांचं काय? आमच्या वडिलांच्या पिढीत प्लग म्हणजे मायको, संपला विषय. (ती मायको म्हणजे बॉशच. बंगळूरच्या त्या कंपनीचं नावही २००८ मध्ये बॉश झालं.) आता नामांकित कंपनीचा डबा पाहिला तरी विश्वास ठेवायची सोय नाही. इ अँड टीसीची पदवी इथे पहिल्यांदा उपयोगी पडली. रेझिस्टरवाल्या प्लगच्या वरच्या टोकापासून मधल्या टोकापर्यंत मल्टिमीटर लावला की काही हजार ओहम दिसायला हवेत, पाच हजारांच्या आसपास. शून्य दाखवलं तर डब्यावर आर लिहिलंय आणि आत नुसती सळई आहे. आठ घेतले तर आठही मोजा. मधलं टोक बरोबर मध्यभागी आहे का बघा, आणि वॉशर बोटाने सहज निघून हातात येत असेल तर प्लग दुकानदाराच्या हातात परत द्या. एका दुकानात मी काउंटरवरच मीटर काढला तर शेठ म्हणाले, "दादा, असं आजवर कुणी केलं नाही." त्यांचे आठही प्लग चोख निघाले, आता मी तिथूनच घेतो.

बसवताना इंजिन थंड हवं. हेड ॲल्युमिनियमचं, गरम असताना प्लग ओढला तर आटे त्याच्याबरोबर बाहेर येतात, आणि मग हा लेख तुमच्या कामाचा राहत नाही. आधी हाताने फिरवत बसवा, टेकला की पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. "अजून जरा घट्ट" हा मोह आवरा. आट्यांना ग्रीस लावायची पद्धत आहे काहींची, नवीन प्लगला गरज नसते, उलट त्याने नकळत जास्त आवळला जातो.

हे सगळं एवढ्या तपशिलात लिहायचं कारण वेगळंच आहे. गाडी दाखवायला नेली त्या तीनपैकी दोन ठिकाणी बाबांना सांगितलं होतं, "काढून टाका आता." एकाने तर लाखभराचं गिऱ्हाईकही तयार ठेवलं होतं. २०२२ साली पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा बाबांनी पाच हजार फी, वर पर्यावरण कर भरून पाच वर्षांची नोंदणी वाढवून घेतली होती. फी त्याच वर्षी एप्रिलपासून सहाशेवरून पाच हजार झाली होती, तरी कुरकुर न करता. ज्या माणसाने अठरा वर्षं प्रत्येक बिल जपलं, त्याला एका कॉइलपायी आणि आठ प्लगांपायी "गाडी संपली" असं सांगून दहा लाखांच्या नव्या कर्जात उतरवणं, हे मला त्या चार नगांच्या बिलापेक्षा जास्त खटकलं. आपल्या वयाच्या किती जणांनी अशीच बाबांची चांगली गाडी विकून हप्ता सुरू केला असेल? विकायची असेल तर जरूर विका, पण आधी प्लग मोजा. पुढच्या वेळी गॅरेजात टाकाल तेव्हा जुने सगळे प्लग परत मागा. पिशवीत आठ नसतील तर बिल भरायच्या आधी विचारा. पल्सरवाल्यांनी दोन मागा.

काम होऊन पाच हजार किलोमीटर झाले. मायलेज लिटरला सव्वा किलोमीटरने वर आलंय, उचकी गेली. गेल्या विकांताला पुढचे चार काढून लॉग वाचला. तीन बदामी, आणि चार नंबरचा कडेने किंचित ओला. म्हणजे तिथे व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल उतरतंय, असा माझा अंदाज. मिस्त्री म्हणतात हेड खोलावं लागेल. बाबा म्हणतात खोलू. मी म्हणतोय आधी अजून पाच हजार चालवू, ऑइल किती कमी होतं ते वहीत लिहू आणि मग तो प्लग परत काढून बघू. बाबांनी फाइलमध्ये त्यासाठी एक कोरं पान लावून ठेवलंय, वर चार रकाने आखून.